डब्याचा चौथा कप्पा

शैलाकाकू कधी फोन करत नाहीत. निरोप असला तर मेसेज पाठवतात, तोही सगळा शुद्ध मराठीत, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत असताना फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. "मिलिंद, हे गेले रे," त्या म्हणाल्या. "चहा घेतला, पेपर मागितला... मी दारातून पेपर आणायला गेले, तेवढ्यात." आवाज अगदी स्थिर होता. मी काहीतरी विचारलं, काय ते आता आठवत नाही. त्यांनी उत्तर दिलं आणि वर मलाच सांगितलं, "सावकाश ये. गाडी नीट चालव." गाडी पुन्हा रस्त्यावर काढताना माझ्या मनात जो पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. तो दुःखाचा नव्हता. 'शनिवारी जायला पाहिजे होतं,' असा तो विचार होता. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

शैलाकाकूंचे यजमान मधुकाका माझे नात्याने कुणी नव्हते. ते मिरजेचे, मी नागपूरचा. मी नोकरीसाठी अमेरिकेत मॉरिसव्हिलला आलो तेव्हा त्यांना या देशात येऊन तीस वर्षं होऊन गेली होती. मातीच्या परीक्षणाचं शिक्षण घ्यायला आले, प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि इथेच राहिले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मसालेभात वाढत होते. अंगात झब्बा आणि डोक्यावर कॉलेजच्या फुटबॉल टीमची रंग उडालेली टोपी! मी ताट पुढे केलं, तर भाताआधी प्रश्न आला.

"नवीन दिसतोस. शनिवारी काय करतोस?"

"काही नाही काका. कपडे धुतो."

"ते रविवारी धू," म्हणाले आणि भात वाढला. माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हती. शनिवारी सकाळी बरोबर नऊला त्यांची जुनी करड्या रंगाची गाडी माझ्या अपार्टमेंटखाली उभी राहिली.

त्या कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हरणाऱ्यांची नावं छापून आणखी बदनामी कशाला करायची? स्टेडियम आमच्याकडून तासाभरावर आहे. मधुकाका तिथेच शिकले, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना आपल्या कॉलेजला टीम आहे हेही आठवत नसेल, पण हे गृहस्थ पंचेचाळीसहून जास्त वर्षं दर मोसमात दोन खुर्च्या राखून होते. एक स्वतःची. दुसरी काकूंसाठी घेतलेली, पण काकू एकदाच गेल्या आणि "एवढी धडधाकट पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि लोक टाळ्या वाजवतात, मला नाही बघवत," म्हणून परत कधी गेल्या नाहीत. ती दुसरी खुर्ची मग माझी झाली. ही टीम कधी जिंकत नाही असं नाही. जिंकते, पण आपण ज्या दिवशी येऊ शकत नाही त्या दिवशी.

पहिल्या मॅचला मी अगदीच अडाणी होतो. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा एवढंच माहीत. इथे तर सगळे चेंडू बगलेत मारून पळत होते. काका म्हणाले, "हुतुतू खेळलायस ना? मग झालं. चार चढाया मिळतात. चार चढायांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलास तर आणखी चार. नाही सरकलास तर चेंडू त्यांचा."

"मग याला लाथ कधी मारतात?"

"अडचणीत आले की."

यापेक्षा सोप्या भाषेत अमेरिकन फुटबॉल मला आजवर कुणी समजावलेला नाही. त्या दिवशीही आमची टीम हरली. तिसऱ्या क्वार्टरनंतर, म्हणजे मॅचच्या चार भागांतला शेवटचा बाकी असतानाच, लोक उठून जायला लागले, मीही त्यांचं बघून उठलो. काकांनी माझ्या शर्टाची बाही धरून मला खाली बसवलं. "संपली नाही अजून," एवढंच म्हणाले. आम्ही बसलो. मॅच संपली, मग हरलेली टीम विद्यार्थ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, बँडने कॉलेजचं गाणं वाजवलं. काकांनी टोपी काढून छातीशी धरली. मला हसू येत होतं, ते मी दाबलं.

खरी मजा त्यानंतर, पार्किंगमध्ये होती. इथे मॅचच्या आधी लोक पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे टेबलं मांडून खातात-पितात. काकांचं टेबल म्हणजे घडीची पत्र्याची चौरंगवजा वस्तू, आणि त्यावर मिरजेहून आणलेला स्टीलचा चार कप्प्यांचा डबा. त्याची एका बाजूची कडी वाकलेली होती, ती अंगठ्याने दाबून धरल्याशिवाय लागायची नाही. वरच्या तीन कप्प्यांत दडपे पोहे, कोथिंबीर वडी, दहीभात असं काहीबाही. ते मॅचच्या आधी संपायचं. चौथा कप्पा मात्र गाडीतच राहायचा. त्यात काकूंनी केलेले पाच बेसनाचे लाडू, आणि तो उघडायचा तो मॅच पूर्ण संपल्यावर, जिंको किंवा हरो. सगळं जग बाहेर पडायच्या रांगेत हॉर्न वाजवत असायचं आणि काका टेबल पुन्हा मांडून कप्पा उघडायचे. दोन लाडू आमचे. उरलेले तीन त्या वेळी आजूबाजूला जो कुणी असेल त्याला. समोरच्या टीमचे लोकही त्यातून सुटायचे नाहीत. आम्हाला चाळीस पॉइंटांनी हरवून गेलेल्या टीमच्या एका धिप्पाड गृहस्थाने काकांचा लाडू खाऊन त्यांना मिठी मारलेली मी पाहिली आहे.

हा नियम कुठून आला हे त्यांनी एकदाच सांगितलं. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात खोलीवरच्या मुलाने जास्तीचं तिकीट दिलं म्हणून ते एकटे मॅचला गेले. टीम सडकून हरत होती. लोक भराभर उठून गेले. काकांना वाटलं, असं मधून उठून कसं जायचं? नाटकाचा प्रयोग कितीही रटाळ असला तरी पडदा पडेपर्यंत उठायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. शिवाय परत जायची बस कुठून मिळते तेही माहीत नव्हतं. अख्ख्या रांगेत ते आणि एक म्हातारा गोरा माणूस एवढेच उरले. त्या माणसाने शेवटी थर्मासमधली कॉफी आणि अर्धं सँडविच पुढे केलं. काकांनी हळूच मधलं मांस काढून रुमालात गुंडाळलं आणि नुसता ब्रेड खाल्ला. "इथं आल्यापासून कुणी आपणहून दिलेला तो पहिला घास होता, लेका," काका म्हणाले. मग नेहमीसारखं विषय बदलून पुढच्या मॅचबद्दल बोलायला लागले.

हे सगळं मी तेव्हा गमतीतच घेतलं. त्याचा अर्थ कळला तो आठ वर्षांपूर्वी, माझी नोकरी गेली तेव्हा. माझ्यासारख्याच्या व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. आमची इरा तेव्हा तीन वर्षांची होती. फोन करून सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. हा म्हणे कॅनडा ट्राय कर, तो म्हणे बायकोला स्टुडंट व्हिसा करून टाक. मधुकाका रोज दुपारी चारला घरी यायचे. सल्ला एक नाही. स्वयंपाकघरात बसायचे, इराशी खेळायचे, चहा घ्यायचे, सहाला जायचे. चाळीस दिवस झाल्यावर माझा धीर सुटला. माझ्या बायकोने, मीनलने, आणि मी सामान विकायला काढलं. सोफा बघायला एक जोडपं येणार होतं. ते आले तेव्हा काका सोफ्यावर बसले होते ते उठेचनात! मी म्हटलं, "काका, जरा..." तर त्या जोडप्याकडे बघून इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "सॉरी, हा अजून विकायचा नाहीये." ते बिचारे मुकाट्याने गेले. मी चिडलो. नागपूरकर चिडला की काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेवटचा दिवस उजाडेपर्यंत सामान बांधायचं नाही. चौथा क्वार्टर आहे. बस." चौपन्नाव्या दिवशी मला नोकरी मिळाली. तो सोफा अजून आमच्या घरात आहे. त्याच्या स्प्रिंगा गेल्यात, पण तो बदलायचा विषय मीनल काढत नाही आणि मीही काढत नाही.

आणि याच माणसाला मी मॅच संपायच्या आधी उठवलं.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काकांनी गाडी चालवणं बंद केलं. त्यानंतर नऊ वाजता त्यांच्या घरासमोर माझी गाडी जायला लागली. या देशात गाडीची किल्ली ज्याच्या हातात त्याच्या मनाप्रमाणे घरातला म्हातारा माणूस उठतो-बसतो, हे मला ठाऊक होतं, पण ते आमच्या बाबतीतही खरं असेल असं कधी वाटलं नव्हतं. ऑक्टोबरातला शनिवार होता, पण ऊन मेमधल्यासारखं. मॅच दुपारी बाराची, घरच्या मैदानावर. पाहुणी टीम तगडी होती आणि आमच्या पोरांचं त्या दिवशी काहीही जमत नव्हतं. पकडलेला चेंडू हातातून सुटत होता, चार चढायांत चार यार्डही सरकत नव्हते. हाफटाइमला अठ्ठावीस-तीन. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा एकोणपन्नास-तीन. आमच्या रांगेत आम्ही दोघंच उरलो होतो. संध्याकाळी आमच्याकडे पाच कुटुंबं जेवायला येणार होती. मीनलचे दोन मेसेज येऊन गेले होते. आणि स्टेडियम पूर्ण सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला जो तास लागतो तो मला डोळ्यांसमोर दिसत होता.

"काका, चला आता. ऊन फार आहे, तुम्हाला त्रास होईल."

"मला काही होत नाही. टोपी आहे की."

"काकू काळजी करतील."

"तिला माहितीय मी कधी येतो ते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला घाई आहे का?"

"छे, छे! मला कसली घाई? तुमच्यासाठीच म्हणतोय."

धडधडीत खोटं बोललो. घाई आहे म्हणून सांगितलं असतं तर ते हसले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, कदाचित आनंदाने उठलेही असते. पण मी त्यांच्या तब्येतीचं नाव पुढे केलं. आपल्या वयाचं निमित्त करून कुणी आपल्याला हलवतंय हे न कळायला ते काही बावळट नव्हते. बसायची उशी त्यांनी काखेत घेतली आणि उठले. "चल," म्हणाले, "गाडी तुझी आहे."

पार्किंगमध्ये रांग नव्हतीच. मी म्हटलं, "काका, लाडू?" त्यांनी डबा उचलून मांडीवर घेतला, वाकडी कडी अंगठ्याने दाबून पुन्हा नीट लावली. "मॅच संपली नाही," म्हणाले. रागाने नाही, सोमवारनंतर मंगळवार येतो असं सांगावं तसं. वाटेत मी रेडिओवर कॉमेंट्री लावायला गेलो तर म्हणाले, "नको. तिथं नाही बसलो, तर ऐकायची कशाला?" बाकी रस्ताभर इराच्या शाळेबद्दल बोलत राहिले. घरी सोडल्यावर दारातून हात केला. माझी ती त्यांच्याशी शेवटची भेट.

फोन मात्र दोन आले. दोन्ही शुक्रवारी. "उद्या मोकळा आहेस का? टीम बाहेरगावी आहे, जरा घरी येऊन जा." पहिल्या वेळी मी म्हटलं, "बघतो काका, सांगतो." दुसऱ्या वेळीही तेच म्हटलं. बघितलं नाही आणि सांगितलंही नाही. कामं नव्हती असं नाही, पण खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर जायला मला थोडं अवघड वाटत होतं. वाटलं, जाऊ दे, पुढच्या घरच्या मॅचला नेऊ, शेवटपर्यंत बसू, फिट्टंफाट होईल. त्यानंतरचा मंगळवार वर सांगितला तो.

दिवसकार्य झालं. सिएटलहून आलेला त्यांचा मुलगा पंधरा दिवस राहून गेला. तो काकूंना घेऊन जायला आला होता, काकू म्हणाल्या, "येईन, पण लगेच नाही." मी अधूनमधून जाऊन भाजी-दूध टाकत होतो, पण तिथे फार वेळ बसवत नव्हतं. गेल्या रविवारी दुपारी काकूंचा पुन्हा फोन आला. त्या म्हणाल्या, "मिलिंद, टीव्हीवर यांनी काहीतरी भरून ठेवलंय, ते मला लावता येत नाही. आणि फ्रीझरमध्ये तुमचा तो डबा आहे. काय करू त्याचं?"

मी इराला घेऊन गेलो. काकूंनी फ्रीझर उघडून दाखवला. वाटाण्यांच्या पिशवीमागे चौथा कप्पा, झाकण लावलेला. त्या शनिवारी घरी आल्यावर काकांनी तो त्यांच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, "हा उघडू नकोस. मॅच बाकी आहे. मिलिंद आला की बघू." मॅच त्यांनी निघतानाच टीव्हीवर रेकॉर्डिंगला लावून ठेवली होती, नेहमीसारखी. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं खेळाचं पान त्यांनी न वाचताच रद्दीत टाकलं होतं.

मी तिथेच स्वयंपाकघरात उभा राहिलो. मग जे सहा आठवडे विचारायचं होतं ते विचारलं. "काकू, काका चिडले होते का माझ्यावर?"

"चिडले असते तर सांगितलं असतं तुला. चिडायला त्यांना कुणाची चोरी होती?" काकू म्हणाल्या. मग फ्रीझरचं दार लावत, "चिडले नव्हते रे. वाट बघत होते."

चिडले होते असं ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मी सिंकपाशी जाऊन उगाच ग्लासभर पाणी प्यायलो. इराने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, लेट्स जस्ट वॉच इट."

आम्ही तळघरातल्या त्यांच्या खोलीत बसलो. त्यांची खुर्ची रिकामी ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बसलं नाही. मी चौथ्या क्वार्टरपाशी आणून मॅच सुरू केली. एकोणपन्नास-तीन. काकू चाळीस वर्षांनी पहिल्यांदा फुटबॉल बघत होत्या.

"आपले कोणते?"

"गडद कपड्यांतले."

"मग ते सारखे खाली का पडतायत?"

"तेच तर काकू. तेच चाललंय पहिल्यापासून."

पाहुण्यांनी आणखी सात केले. छप्पन्न. कॅमेरा रिकाम्या बाकांवरून फिरला. मी आमच्या दोन खुर्च्या शोधत होतो, पण तो आमच्या बाजूला आलाच नाही. सहा मिनिटं उरलेली असताना आमच्या कोचने राखीव खेळाडू उतरवले. त्यातल्या एका बुटक्याशा पोराला चेंडू मिळाला. तो दोघांच्या मधून निसटला, तिसऱ्याचा हात झटकला आणि कडेकडेने पळत सुटला.

"हा आपला की त्यांचा?" काकूंनी विचारलं.

"आपला."

"मग पळ की रे! पळ, पळ!" काकू खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. साठ-सत्तर यार्ड पळून तो पोरगा गोललाइनच्या पलीकडे गेला आणि तिथे एकटाच उड्या मारत राहिला, कारण त्याच्या टीममधलं कुणी अजून पोचलंच नव्हतं. स्टेडियममध्ये टाळ्या वाजवायला मोजकीच माणसं होती. काकूंनी टाळ्या वाजवल्या. इरा माझ्याकडे वळली. "वेट, बाबा... यू गाइज मिस्ड दॅट?"

"हो," मी म्हटलं. "मिस केलं. माझ्यामुळे."

काकूंनी पदराने डोळे पुसले, मीही पुसले. छप्पन्न-दहा. शेवटची मिनिटं संपली, हरलेली पोरं विद्यार्थ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि बँड वाजायला लागला. मी उठून उभा राहिलो. मग इरा उठली. काकू खुर्चीच्या हाताला धरून उठल्या आणि गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

वर येऊन काकूंनी कप्पा ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. पाचही लाडू तसेच होते, त्यांच्यावर बर्फाची बारीक पांढरी साय धरलेली. इराने एक दाबून पाहिला. दगड झाला होता.

"मऊ व्हायला वेळ लागेल," काकू म्हणाल्या. "अर्धा-पाऊण तास तरी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला घाई नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. गाडीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि बसलो.